पाळण्यातलं नाव: भाच्याचं नाव वॉकर

प्रश्न: ताई नमस्कार. मी सोलापुरातलीच, पूर्व भागात राहते. घरची भाषा आमची तेलुगू, पण शिक्षण सगळं मराठीत झालं त्यामुळे तुमचं सदर पहिल्यापासून वाचते. माझा धाकटा भाऊ दहा वर्षं झाली इंग्लंडला आहे, बायको तिकडचीच, यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्स गावची, स्वभावानं लई गोड मुलगी आहे, आईशी मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलते. त्यांना ऑगस्टमध्ये मुलगा झाला. तिकडच्या कागदावर त्याचं नाव लागलंय 'वॉकर'. वहिनीच्या वडलांचं आडनाव वॉकर, तिला भाऊ नाही, वडील दोन वर्षांखाली वारले, म्हणून तिनं हे नाव धरलं असं भाऊ सांगतो. डिसेंबरअखेर ते तिघं येणार, गड्ड्याची जत्रा बघून परत जाणार, तेव्हाच इथं बारसं करायचं ठरलंय. आत्या मी एकटीच, आमच्यात मेनत्त म्हणतात, म्हणजे कानात नाव मीच सांगणार.

आता झालंय असं की आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरात वॉकर आहे, चालायचा, आणि नाव कळल्यापासून ती गप्पच झालीय. "नातवाला काठीचं नाव ठेवलं काय गं" एवढंच म्हणाली आणि परत विषय काढला नाही. मोठे काका म्हणतात हे दारूचं नाव आहे. चुलत बहीण म्हणते आडनाव कधी नाव असतंय का. मी मोबाईलवर शोधलं तर एका ठिकाणी 'चालणारा' आणि एका ठिकाणी 'देवाच्या वाटेवर चालणारा' असं लिहिलंय. खरा अर्थ काय? कानात हेच नाव सांगू का दुसरं? आणि आईला पटेल असं काय सांगू, तिनं सगळं आयुष्य मागावर काढलंय, आधी अप्पांच्या हातमागाला कांड्या भरल्या, मग कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवल्या, तिच्यासमोर शब्दांचा खेळ चालत नाही.
— एक आत्या, सोलापूर

उत्तर: आत्याबाई, आईनं आयुष्य मागावर काढलं हे तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथनंच सुरू होतंय. कारण वॉकर हे कापडाच्या कामातलं नाव आहे. साळी, कोष्टी, रंगारी, पिंजारी ही जशी आपल्याकडे कामावरनं पडलेली नावं, तसंच. वॉकर म्हणजे मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड पायानं तुडवणारा माणूस.

आईला सांगताना दसरा काढायची आठवण करून द्या. घटस्थापनेच्या आधी घरातल्या गोधड्या, वाकळा, चादरी सगळं बाहेर काढायचं, मोठ्या टपात नाहीतर ओढ्यावर नेऊन भिजवायचं, आणि भिजल्यावर ते हाताला उचलत नाही की घासता येत नाही म्हणून साडी वर खोचून त्यात उभं राहायचं आणि तुडवायचं. आमच्या घरी मी आणि माझी बहीण एका टपात उभ्या राहून एकमेकींचे खांदे धरून तुडवायचो, पाणी आधी काळं, मग चहासारखं, मग दुधी व्हायचं ते अजून डोळ्यापुढं आहे. इंग्लंडातला वॉकर हेच काम करायचा, पण वर्षातनं एकदा नाही, रोज, थंडीत सुद्धा, पोटासाठी.

आणि तो नुसतं धूत नव्हता. लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा सैल असतं, धाग्याधाग्यातनं वारं जातं, शिवाय लोकरीत मेंढीच्या अंगाचा चिकटपणा आणि कातताना लावलेलं तेल तसंच राहिलेलं असतं. लोकरीच्या केसावर अगदी बारीक खवले असतात, ओल, ऊब आणि रगड मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत, त्यामुळे कापड आक्रसतं, दाट होतं, वारा-पाऊस अडवायला लागतं. लोकरीचा स्वेटर चुकून मशीनमध्ये गरम पाण्यात गेला की लहान पोराच्या मापाचा होऊन बाहेर येतो ना, तीच गोष्ट हे लोक मुद्दाम आणि मापात करायचे. कुठं थांबायचं हे तळपायाला कळावं लागायचं, कमी तुडवलं तर कापड विरळ राहणार, जास्त झालं तर आखडून वाया जाणार. सुताला असे खवले नसतात म्हणून आपल्या चादरीला, टॉवेलला हे काम लागतच नाही, आणि आपल्याकडची धनगरी घोंगडी लोकरीची असली तरी तिला चिंचोक्याची खळ देऊन कडक करतात, ती रीत वेगळी. म्हणून आईनं हे काम कधी बघितलं नसणार. पण मागावरून उतरलेलं कापड म्हणजे तयार कापड नव्हे, त्याच्यापुढं अजून कितीजणांचे हात लागतात, हे तिला कुणी शिकवायची गरज नाही.

पाण्यात काय घालायचे ते पण सांगते, आईपासून लपवू नका. शिळं मूत्र घालायचे. मूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेलकटपणा कापतो, साबण महाग होता तेव्हा घरोघरचं मूत्र भांड्यात गोळा करून या लोकांकडं जायचं. रोममध्ये तर दोन हजार वर्षांपूर्वी हेच चालायचं, इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात अशा कारखान्यांचे हौद सापडलेत आणि एका ठिकाणच्या रंगवलेल्या चित्रात माणसं हौदात उभी राहून कापड तुडवताना दिसतात. दुसरी वस्तू म्हणजे एक चिकण माती, तेल शोषून घेणारी. तिला इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' म्हणतात, म्हणजे कापड तुडवणाऱ्याची माती, आणि ही माती तुमच्या घरात पण असेल, आपण तिला मुलतानी माती म्हणतो आणि तोंडाला लावतो. आईच्या हातात ती मूठभर द्या आणि सांगा, नातवाच्या नावातल्या कामाला हीच लागायची.

आता शब्दाकडं. जुन्या इंग्रजीत 'वेआल्कन' असं क्रियापद होतं, त्याचा अर्थ घोळणं, लोळवणं, उलटसुलट करणं. कापड घोळून तुडवणारा तो 'वेआल्केरे', त्याचाच पुढे वॉकर झाला. जर्मन भाषेत या कामाला आजही 'वाल्कन' म्हणतात. पायानं चालणं हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला, घोळण्यावरून इकडंतिकडं हिंडणं आणि हिंडण्यावरून चालणं असा तो सरकत गेला. म्हणजे 'चालणारा' म्हणून वॉकर झाला नाही, आज 'वॉक' म्हणजे चालणं म्हणून आपल्याला तसं वाटतं. आणि 'देवाच्या वाटेवर चालणारा' हे तर कुणीतरी गोड वाटावं म्हणून जोडलंय, त्याला काही आधार नाही. मला अशा बनवलेल्या अर्थांचा मनापासून राग येतो, कारण खरा अर्थ त्याच्याहून कितीतरी मोठा असतो आणि तो झाकला जातो. आईच्या हातातला वॉकर मात्र त्या नंतरच्या अर्थाचाच, दोन्ही शब्द एका मुळाचे पण वस्तू वेगळी, नातवाचं नाव त्याच्यावरनं पडलेलं नाही हे तिला आधी स्पष्ट सांगून टाका.

हे एकच काम, पण इंग्लंडात त्याला गावोगाव वेगळं नाव होतं. दक्षिणेला आणि पूर्वेला फुलर, नैर्ऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडं टकर, आणि उत्तरेला वॉकर. आपल्याकडं एकाच कामाला कुठं साळी, कुठं कोष्टी, कुठं पद्मशाली म्हणतात, बारकावे वेगळे असतील पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय. वेल्समध्ये कापड तुडवायच्या गिरणीला 'पँडी' म्हणतात, तिथलं टोनीपँडी नावाचं गाव त्यावरनंच. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर बायका टेबलाभोवती बसून ओलं कापड तालात आपटायच्या आणि आपटताना गाणी म्हणायच्या, एक म्हणणार बाकीच्या झेलणार, आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखं, आणि ती गाणी आज तिथं जपून ठेवलीत.

पायाचं हे काम फार आधी यंत्रावर गेलं. पाणचक्कीवर लाकडी हातोडे बसवून कापड कुटायचं तंत्र इंग्लंडात 12व्या शतकातच आलं होतं, 1185 साली टेम्पलर नावाच्या लढवय्या साधूंच्या जमिनींची जी मोजदाद झाली तिच्यात अशा गिरण्यांची नोंद आहे, आणि त्यातली एक यॉर्कशायरची आहे. मजुराचे पाय सुटले तरी नाव वॉकरच राहिलं. सोलापुरात पण बघा, जुनी मिल 1877 ची, तिची चिमणी किती पिढ्यांनी बघितली, हातमाग जाऊन यंत्रमाग आले तरी कुणी विचारलं काय करता तर उत्तर 'मागावर आहे' असंच येतं.

आणि तुमची वहिनी हॅलिफॅक्सची, हे वाचून मला किती बरं वाटलं सांगू. हॅलिफॅक्स म्हणजे लोकरीच्या कापडाचं गाव, आपलं सोलापूर जसं चादरीचं. आजूबाजूच्या डोंगरातल्या घराघरात हातमाग होते, विणकर आठवडाभर विणून एक तागा तयार करायचे आणि बाजाराला आणायचे, त्या तागे विकायच्या बाजारासाठी गावानं 1779 साली मोठं चौसोपी दगडी संकुल बांधलं, मधे मोकळं अंगण आणि चारी बाजूंनी व्यापाऱ्यांच्या 315 खोल्या. त्याचं नाव 'पीस हॉल', पीस म्हणजे तागा. ते आजही उभं आहे, वहिनीनं लहानपणी तिथं चकरा मारल्या असणार. तुडवून धुतलेलं कापड आक्रसून वेडंवाकडं वाळू नये म्हणून लाकडी चौकटीवर आकड्यांना अडकवून उघड्यावर ताणून ठेवायचे, आपल्या पूर्व भागात रंगवलेल्या सुताच्या लडी बांबूवर वाळत घालतात तसं उघड्यावर, आणि ते चोरीला जायचं. हॅलिफॅक्सचा कायदा त्या बाबतीत इतका कडक होता की साडेतेरा पेन्स किंवा जास्त किमतीचा माल चोरला तर कुऱ्हाडीच्या यंत्राखाली मान जायची, 1650 पर्यंत हे चाललं. एका ताग्यात किती घरांची भाकरी गुंतलेली असते हे त्या गावाला माहीत होतं. शिक्षा भयंकरच होती, मी तिची बाजू घेत नाही.

एक गोष्ट मात्र जपून सांगा. वहिनीच्या पणजोबा-खापरपणजोबांनी कापड तुडवलंय असं या नावावरून म्हणता येत नाही. इंग्लंडात आडनावं साधारण 13व्या-14व्या शतकात पक्की होत गेली, 1379 ची यॉर्कशायरची डोईपट्टीची यादी आजही आहे, तिच्यात लोकांच्या नावासोबत त्यांचे धंदे लिहिलेत आणि तेव्हा धंदा आणि आडनाव बऱ्याच जणांचं एकच होतं. नंतर धंदा सुटला, नाव राहिलं. कुलकर्णी आडनावाच्या घरात आज गावाचं दप्तर कोण लिहितंय? म्हणजे नाव सांगतं ते फार मागच्या कुठल्यातरी एका वॉकरबद्दल. आणि न्यूकॅसल शहराचा एक भाग पण वॉकर नावाचा आहे, तिथं रोमन लोकांच्या भिंतीजवळची दलदल असा अर्थ निघतो, काही थोड्या घराण्यांचं आडनाव त्या गावावरनं पडलेलं असू शकतं. पण वहिनीचं माहेर लोकरीच्या पट्ट्यातलं, तिथं कापडाचाच अर्थ धरावा.

चुलत बहिणीला सांगा, आडनाव हे नाव म्हणून ठेवायची रीत तिकडं साडेचारशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती बहुतेक वेळा आईच्या माहेरासाठीच असते. इंग्लंडात नऊ दिवसांची राणी म्हणतात त्या लेडी जेन ग्रेचा नवरा गिल्डफर्ड डडली, त्याची आई माहेरची गिल्डफर्ड. 1605 साली विल्यम कॅम्डेन नावाच्या विद्वानानं आपल्याकडं आडनावं मुलांची नावं म्हणून ठेवायला लागलेत असं लिहून ठेवलंय. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन, त्यांची आई माहेरची वुड्रो. फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट, आई डेलानोंची. आणि तुमच्या भाच्याचंच नाव घ्या, जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यातला तो डब्ल्यू म्हणजे वॉकर, त्यांची आजी डोरोथी माहेरची वॉकर होती, आधी ते नाव तिच्या मुलाला गेलं, तिथनं नातवाला. पहिलंच नाव वॉकर असलेले पण आहेत, वॉकर एव्हन्स नावाचे अमेरिकन फोटोग्राफर, त्यांनी 1936 साली अलाबामातल्या कापूस पिकवणाऱ्या गरीब कुळांचे फोटो काढले, माणसांकडं इतक्या आदरानं बघणारे फोटो कमी आहेत.

माझं मत विचाराल तर ही रीत मला फार आवडते. आपल्यात लग्न झालं की बाईचं माहेरचं नाव बहुतेक वेळा कागदावरनं पुसलं जातं, लेकराच्या नावात तर ते कुठंच येत नाही, शेवटी आडनाव वडलांचंच. तुमच्या वहिनीनं वडील गेल्यावर त्यांचं नाव मुलाच्या पहिल्या जागी ठेवलं, आणि शेवटी आडनाव तुमचंच आहे. यात कुणाचं काय गेलं?

काकांचं म्हणणं घाईत उडवून लावू नका, त्यांनी बाटलीवर वाचलंय ते खरंच आहे. स्कॉटलंडच्या किल्मार्नोक गावात जॉन वॉकर नावाच्या माणसानं 1820 साली किराणा दुकान काढलं, तिथनं जॉनी वॉकर ही व्हिस्की आली, म्हणजे माणसाचं आडनाव दारूला मिळालं, दारूचं माणसाला नाही. पुढं 1908 मध्ये टॉम ब्राऊन नावाच्या चित्रकारानं तो टोपीवाला झपाझप चालणारा माणूस काढला आणि सगळ्या जगाचा समज झाला की वॉकर म्हणजे चालणारा. आपल्या बद्रुद्दीन काझींना पडद्यावर जॉनी वॉकर हे नाव मिळालं ते त्या बाटलीवरनं, आणि त्या माणसानं किती घरांना हसवलं, काकांना ते नक्की आठवत असतील.

सोलापूरच्या घरात परदेशी बायको आणि वेगळंच नाव ही गोष्ट पण नवीन नाही. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे, भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. ते चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करायला गेले, तिथल्या नर्स ग्वो चिंगलान यांच्याशी लग्न झालं, 1942 मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी डिसेंबरात डॉक्टर गेले, तेव्हा लेकरू काही महिन्यांचं होतं. बारशाच्या आधी आईला एकदा त्या स्मारकापाशी घेऊन जा, वॉकर धरून हळूहळू चालत जाऊ दे तिला.

आता कानात काय सांगायचं. दोन नावं सांगा. आपल्यात पाळण्यातलं नाव आणि व्यवहारातलं नाव वेगळं असण्यात काही नवीन नाही, जन्मनाव तर कित्येकांना स्वतःला सुद्धा आठवत नाही. आधी वॉकर म्हणा, स्पष्ट, कुजबुजत नको, मग आईनं निवडलेलं नाव म्हणा, ते निवडायचा हक्क तिला द्या. ती मार्कंडेय म्हणू शकते, किंवा भावनाऋषींचं काही, ज्यांनी कमळाच्या देठातल्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणलं असं पद्मशाली समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. एका बाजूला कमळाचा तंतू विणणारे, दुसऱ्या बाजूला लोकर तुडवणारे, बाळाला दोन्हीकडनं कापडच मिळालंय. मग पाठीत धपाटे खायला तयार राहा.

पाळण्यावर नाव लिहिणार असाल तर 'वॉकर' असंच लिहा, 'वाल्कर' नको. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एल आहे, तो जुन्या 'वेआल्केरे'मधला, एके काळी उच्चारत होते, आता मुका आहे. आणि पाळण्यात दुपटं घालाल ते एक सोलापुरी सुती घाला, वहिनीला सांगा येताना तिकडचं छोटंसं लोकरीचं आणायला. आईला दोन्हीवर एकदा हात फिरवू दे, तुडवलेलं कापड म्हणजे काय ते तिच्या बोटांना लगेच कळेल.

प्रश्न: ताई, माझी नात अमेरिकेत शाळेत जाते, तिच्या वर्गात मेसन, टायलर, कूपर, कार्टर, पार्कर अशी मुलं आहेत. ही पण सगळी कामाचीच नावं का?
— एक आजोबा, बार्शी

उत्तर: हो आजोबा, पाचही. मेसन म्हणजे गवंडी, टायलर म्हणजे छपरावर कौलं बसवणारा, कूपर म्हणजे लाकडी पिंपं करणारा, कार्टर गाडीवान, आणि पार्कर म्हणजे राजाच्या किंवा सरदाराच्या शिकारीसाठी कुंपण घालून राखलेल्या रानाचा राखणदार. यातलं टायलर नाव इतिहासात मोठं आहे. वर ज्या डोईपट्टीचं लिहिलंय तसलीच पट्टी परत बसवली, तिच्याविरुद्ध 1381 साली शेतकरी-कारागीर उठले, त्यांचा पुढारी वॉट टायलर, लंडनपर्यंत चाल करून गेला आणि राजासमोर बोलणी चालू असतानाच मारला गेला. नातीला हे जरूर सांगा. सगळीच नावं कामाची नसतात पण, हॅरिसन म्हणजे हॅरीचा मुलगा, लिंकन हे गावाचं नाव, ब्रॅडली म्हणजे जंगल तोडून केलेली रुंद मोकळी जागा.

प्रश्न: मॅडम, मी कॉलेजला आहे. वेबस्टर, डेक्स्टर, बॅक्स्टर ह्या सगळ्या नावांच्या शेवटी 'स्टर' का येतं?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर: फार छान पकडलंस. हा 'स्टर' जुन्या इंग्रजीत बाईसाठी लागायचा. वेबस्टर म्हणजे विणणारी, डेक्स्टर म्हणजे रंगारीण, बॅक्स्टर म्हणजे भट्टीवाली, पाव भाजणारी. पुढं पुरुषांनाही तेच म्हणायला लागले आणि आडनावं झाली, म्हणून 1828 साली मोठा शब्दकोश काढणाऱ्या नोआ वेबस्टर यांच्या आडनावात एक विणकरीण आहे आणि हे फार जणांना माहीत नसतं. डेक्स्टरचा अर्थ काही लोक लॅटिनवरून 'उजवा हात' असा सांगतात, तो शब्द लॅटिनमध्ये आहे खरा पण इंग्रजी आडनाव आलं ते रंगकामावरनं. बाईसाठीचा तो जुना 'स्टर' आज ठळक उरलाय फक्त 'स्पिन्स्टर'मध्ये, मूळ अर्थ सूत कातणारी, नंतर कागदोपत्री लग्न न झालेल्या बाईसाठी वापरायला लागले कारण कातण्यावर स्वतःचं पोट भरणाऱ्या बायका त्यात पुष्कळ होत्या. तुझ्या आजीनं किंवा शेजारच्या कुणी कांड्या भरल्या असतील, सूत उलगडलं असेल, तर त्या कामाला आपल्याकडं बायका काय काय म्हणायच्या ते विचारून मला लिहून पाठव, तेलुगूत असेल तर तेलुगूत.